मंगळ ते कोथरूड व्हाया निळा-काळा डबा : राउटर आपोआप रीबूट का होतो?

(नेहमीप्रमाणे हे भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसंच्या तसं.)



आजचा विषय आत्ता तुमच्याच घरात आहे. टीव्हीच्या मागे, शू-रॅकच्या वर, नाहीतर देवघराच्या शेजारच्या प्लगवर लटकलेला. तुमचा वायफाय राउटर. तो बंद पडला की आपण काय करतो? बंद करतो, दहा आकडे मोजतो, चालू करतो. पण तो स्वतःच बंद होऊन स्वतःच चालू व्हायला लागला तर? दिवसातून दोनदा, कधी आठवड्यात एकदा, आणि कारण न सांगता?

आमच्या कोथरूडच्या घरात या मे महिन्यात हेच चालू झालं. माझी आई निवृत्त शिक्षिका. आता ती अमेरिकेतल्या आठ-दहा मराठी मुलांना ऑनलाइन मराठी शिकवते. कॅलिफोर्नियात शुक्रवारची संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे शनिवारचे सकाळचे सात वाजलेले असतात. पोहे गॅसवर, लॅपटॉप डायनिंग टेबलवर, आणि आई ‘ळ’ शिकवतेय. मधेच राउटरचे सगळे दिवे जातात. दीड मिनिटाने आई परत येते तेव्हा स्क्रीनवर एक सहा वर्षांचा मुलगा सांगत असतो, “आजी, यू वेअर फ्रोझन.”

पहिल्यांदा हसलो. तिसऱ्या शनिवारी दोन पालकांचे मेसेज आले. चौथ्या शनिवारी आई म्हणाली, “पुढच्या टर्मला मी नाही म्हणून कळवते. उगाच लोकांच्या मुलांचा वेळ जातो.” आणि बाबांनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, “कंपनीचं सॉफ्टवेअर होतं तेव्हा काय वाईट चाललं होतं?”

टोमणा मला होता. कारण त्या राउटरवर कंपनीचं सॉफ्टवेअर नाही. ते काढून मी ओपन-डब्ल्यूआरटी टाकलंय. याला म्हणतात कस्टम फर्मवेअर. फर्मवेअर म्हणजे डब्याच्या आत कायमचं बसलेलं सॉफ्टवेअर, आणि कस्टम म्हणजे कंपनीचं नाही, आपण निवडलेलं. म्हणजे आरोपी कोण, हे घरात आधीच ठरलं होतं.

बग शोधता शोधता मी या सगळ्याच्या इतिहासात शिरलो, आणि एक गोष्ट वारंवार दिसली. रीबूट हा आजार नसतोच. रीबूट हा यंत्राने स्वतःवर केलेला इलाज असतो. आजार त्याच्या आधी होऊन गेलेला असतो, आणि इलाज करताना यंत्र त्याच्या खुणा पुसून टाकतं. त्यामुळे खरा प्रश्न “राउटर का पडला” एवढाच नाही. “पडण्याआधीची आठवण कुणाकडे आहे, आणि ती बघायची परवानगी कुणाला आहे” हाही आहे.

मंगळावरचा रीबूट

सुरुवात घरापासून खूप लांबून करू. ४ जुलै १९९७. नासाचं मार्स पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. एअरबॅगवर उड्या मारत उतरलं, त्यातून सोजर्नर नावाची छोटी गाडी बाहेर आली, जगभर टाळ्या. आणि काही दिवसांत, हवामानाची माहिती गोळा करायचं काम सुरू झाल्यावर, यानाचा कॉम्प्युटर आपोआप रीबूट व्हायला लागला.

आधी जमा झालेली माहिती जात नव्हती, पण रीबूट झाला की त्या दिवसाचं उरलेलं काम दुसऱ्या दिवसावर. आणि तिथे जाऊन प्लग काढून दहा आकडे मोजणार कोण?

झालं काय होतं, ते आपल्या सरकारी ऑफिसच्या भाषेत सांगतो. मोठ्या साहेबांना एक फाइल तातडीने हवी आहे. फाइल एका शिपायाच्या हातात आहे. शिपाई फाइल जागेवर ठेवायला निघतो, पण मधले कारकून त्याला सारखे थांबवतात. त्यांचं काम शिपायापेक्षा वरचं, म्हणून शिपाई मुकाट थांबतो. कारकुनांना माहीतच नाही की शिपायाला थांबवून आपण साहेबांना थांबवतोय.

पाथफाइंडरमध्ये साहेब म्हणजे माहितीची देवाणघेवाण सांभाळणारं वरच्या दर्जाचं काम, शिपाई म्हणजे हवामानाच्या नोंदी घेणारं कमी महत्त्वाचं काम, आणि कारकून म्हणजे मधल्या दर्जाची संपर्काची कामं. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात. साहेबांचं काम वेळेत झालं नाही हे लक्षात आलं, की सिस्टीम म्हणायची, “काहीतरी गंभीर बिघडलंय,” आणि सगळं नव्याने सुरू करायची.

अशा राखणदाराला इंजिनिअर लोक वॉचडॉग म्हणतात. कुत्र्याला दर थोड्या वेळाने थोपटायचं. थोपटणारा हात आला नाही की कुत्रा समजतो मालक बेशुद्ध पडला, आणि तो सगळं रीसेट करतो. तुमच्या घरच्या राउटरच्या चिपमध्येही असाच एक कुत्रा बसलेला आहे. त्याच्याकडे नंतर येऊ.

नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबमध्ये ग्लेन रीव्ह्ज यांच्या टीमने पृथ्वीवरच्या हुबेहूब प्रतीवर तीच परिस्थिती पुन्हा पुन्हा उभी केली आणि शेवटी बग पकडला. पकडता आला तो एका कारणाने. कुठलं काम कधी सुरू झालं, कुणी कुणाला थांबवलं, याची नोंद ठेवणारा डीबगिंगचा कोड त्यांनी काढून टाकला नव्हता. तो यानासोबत मंगळापर्यंत गेला होता. मग पृथ्वीवरून छोटासा बदल पाठवला गेला. त्याचा अर्थ इतकाच, की शिपायाच्या हातात फाइल आहे तोवर त्याला साहेबांचा दर्जा. रीबूट थांबले.

या गोष्टीतला मला सगळ्यात टोचलेला भाग वेगळाच आहे. हा रीबूट उड्डाणाआधीच्या चाचण्यांमध्ये दिसला होता. पण तो परत घडवून दाखवता आला नाही, म्हणून हार्डवेअरची काहीतरी किरकोळ गडबड समजून सोडून देण्यात आला. हे वाक्य लक्षात ठेवा. शेवटी माझ्यावर उलटणार आहे.

निळा-काळा डबा उघडला कसा

आता मंगळावरून घरी. पाथफाइंडरवर जी ऑपरेटिंग सिस्टीम होती तिचं नाव व्हीएक्सवर्क्स. हे नाव थोड्या वेळाने एका राउटरमध्ये परत भेटेल.

डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिस या अमेरिकन कंपनीने डब्ल्यूआरटी ५४ जी नावाचा राउटर बाजारात आणला. निळा-काळा डबा, मागे दोन अँटेना. १२५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १६ एमबी रॅम, ४ एमबी फ्लॅश. आज तुमच्या फोनमधला एक फोटो त्या फ्लॅशमध्ये मावणार नाही. मार्च २००३ मध्ये सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलरला लिंक्सिस विकत घ्यायचं जाहीर केलं, आणि त्यानंतर काही महिन्यांतच, जून २००३ मध्ये, अँड्र्यू मिकलस यांनी लिनक्स कर्नलच्या मेलिंग लिस्टवर लिहिलं की या डब्यात तर लिनक्स आहे, मग सोर्स कोड कुठे आहे?

हा प्रश्न विचारायचा हक्क कुठून आला? लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखाली येतं, त्याची अट साधी आहे. कोड घ्या, बदला, विका, पण ज्याला विकाल त्याने मागितला तर बदललेला कोड त्याला द्या. आणि गंमत बघा, या परवान्यामागचा विचारही एका अडकणाऱ्या यंत्रापासून सुरू झाला. १९८० च्या आसपास एमआयटीच्या लॅबमध्ये झेरॉक्सचा लेझर प्रिंटर होता. त्यात कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन यांना सॉफ्टवेअरमध्ये थोडी भर घालायची होती, कागद अडकला की लोकांना मेसेज जावा एवढीच. पण कोड मिळाला नाही. ज्याच्याकडे होता त्याने तो कुणाला न देण्याचं लिहून दिलं होतं. बिघाड समोर दिसतोय, दुरुस्त करणारा समोर उभा आहे, आणि मधे बंद दार. तो राग पुढे फ्री सॉफ्टवेअरच्या चळवळीत आणि जीपीएलमध्ये उतरला.

२००३ मध्ये दबाव वाढला आणि जुलैमध्ये लिंक्सिसचा कोड बाहेर आला. तिकडे लोकांनी दुसरीकडूनही दार शोधलं होतं. राउटरच्या सेटिंग्जच्या पानावर पिंग करायची एक चौकट होती, पत्ता टाका आणि नेटवर्क चालतंय का बघा. कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या चौकटीत पत्त्याऐवजी कमांड टाकली तर राउटर ती निमूट चालवतो! सिक्युरिटीच्या दृष्टीने भयंकर, पण टिंकरिंग करणाऱ्यांसाठी दिवाळी. त्या चौकटीतून लोक एक सेटिंग चालू करायचे, ज्यामुळे राउटर चालू होताना काही सेकंद थांबून “नवीन फर्मवेअर देताय का?” असं विचारायचा. चुकीचं फर्मवेअर टाकून डब्याची वीट झाली, तरी परत येण्याचा रस्ता राहायचा.

जानेवारी २००४ मध्ये ओपन-डब्ल्यूआरटी सुरू झालं. नावातलं ‘डब्ल्यूआरटी’ त्या निळ्या डब्याच्या मॉडेल नंबरवरून आलंय. मग जर्मनीतून सेबास्टियन गॉटशाल यांचं डीडी-डब्ल्यूआरटी आलं. यातलं ‘डीडी’ म्हणजे काय माहितीये? ड्रेस्डेन शहराच्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरची अक्षरं. म्हणजे हाच उद्योग पुण्यात झाला असता तर नाव ‘एमएच-बारा-डब्ल्यूआरटी’ पडलं असतं! जोनाथन झरेट यांचं टोमॅटोही त्याच काळातलं.

आणि मग कंपनीने काय केलं? २००५ च्या शेवटी त्याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीत रॅम ८ एमबी केली, फ्लॅश २ एमबी केली आणि लिनक्स काढून व्हीएक्सवर्क्स टाकलं. हो, मंगळावरचंच. कमी मेमरीत बसतं, डबा स्वस्त पडतो. लोकांची ओरड एवढी झाली की जुन्या रचनेचा वेगळा डबा परत आणावा लागला, नावाच्या शेवटी ‘एल’ लावून. एल म्हणजे लिनक्स. २००६ मध्ये त्या व्हीएक्सवर्क्सवाल्या डब्यावरही लोकांनी छोटं लिनक्स बसवून दाखवलं, ते वेगळंच. पुढे डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर खटला भरला आणि मे २००९ मध्ये समझोता झाला.

म्हणजे आज मी घरच्या राउटरमध्ये शिरून लॉग वाचू शकतो, ते आपोआप मिळालेलं नाही. कुणीतरी अडून बसलं म्हणून मिळालंय.

इकडे पुण्यात काय चाललं होतं

हे सगळं अमेरिका-जर्मनीत चालू असताना आपण कुठे होतो? १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, ते फोनच्या तारेवरून कर्कश आवाज करत जोडलं जाणारं डायल-अप. ऑक्टोबर २००४ मध्ये सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं आणि २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचं ठरलं. हसू नका, तेव्हा तो वेग होता. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं, आणि घराघरात हुआवेचे नाहीतर यूटीस्टारकॉमचे मोडेम दिसायला लागले.

मी तेव्हा प्राथमिक शाळेत. पण माझा आतेभाऊ इंजिनिअरिंगला होता आणि रात्री दोनचा गजर लावून उठायचा. कारण बीएसएनएलच्या एका प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट होतं. एका लिनक्सच्या सीडीसाठी अख्खी रात्र. आणि त्यात पहाटे पाचला मोडेम रीबूट झाला की आत्याच्या घरी जो आवाज यायचा, तो मी पॉडकास्टवर काढू शकत नाही.

पुण्यात लिनक्सवाल्यांची मंडळी चांगली जमलेली होती. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप होता, मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसच्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये दरवर्षी ग्नूनिफाय भरायचं. घरचा डबा उघडून बघण्याचा नाद लागायला असं वातावरण लागतं.

पण आपल्याकडच्या रीबूटची एक खास गोष्ट आहे जी परदेशी लेखांत सापडत नाही. लाइट. २००५ नंतर महाराष्ट्रात लोडशेडिंग जोरात होतं. २००६ मध्ये पुण्यात एक वेगळा प्रयोग झाला, ‘पुणे मॉडेल’. कल्पना अशी की कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर असतात. टंचाईच्या वेळी त्यांनी स्वतःची वीज वापरावी, वाचलेली वीज शहराला मिळावी, आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांनी रिलायबिलिटी चार्ज म्हणून भरावा. वीज नियामक आयोगाने परवानगी दिली आणि बाकी महाराष्ट्र अंधारात असताना पुण्यात दिवे राहिले. यावरून बरीच टीकाही झाली, आणि ती समजण्यासारखी आहे.

तरी दोन गोष्टी उरल्या. एक म्हणजे गुरुवार. पुण्यात दुरुस्तीच्या कामासाठी लाइट जाणार तर गुरुवारी, हे इथल्या पोरांनाही पाठ असतं. दुसरी म्हणजे घरोघरी बसलेले इन्व्हर्टर. लाइट गेल्यावर इन्व्हर्टर काही मिलिसेकंदांत ताबा घेतो. पंखा-ट्यूबला ते कळतही नाही. पण कमजोर ॲडॉप्टरवर चालणाऱ्या राउटरला तेवढा झटका पुरतो. बऱ्याच इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ मोडचं बटण असतं. ते चालू केलं की अदलाबदल लवकर होते. म्हणून पुण्यात राउटरचं निदान करताना पहिली पायरी सोपी. रीबूटची तारीख-वेळ वहीत लिहा, आणि वार बघा. सगळे गुरुवार निघाले तर फर्मवेअरला शिव्या देऊ नका.

आमच्याकडे मात्र शनिवार निघत होते.

फुगलेले कपॅसिटर

विजेचाच अजून एक धडा त्याच काळात जग शिकत होतं. २००० च्या आसपासच्या काही वर्षांत बनलेल्या मदरबोर्ड, मॉनिटर, मोडेम, ॲडॉप्टर यांतले कपॅसिटर वेळेआधी मरायला लागले. कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी. सोसायटीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखी, खालून येणारा प्रवाह वर-खाली झाला तरी नळाला पाणी एकसारखं मिळावं म्हणून. त्या काळातल्या अनेक कपॅसिटरमधलं रसायन सदोष होतं. आत वायू तयार व्हायचा, डोकं फुगायचं, कधी तपकिरी द्रव बाहेर यायचा. याला ‘कपॅसिटर प्लेग’ असं नाव पडलं. डेलला आपल्या कॉम्प्युटर्सच्या दुरुस्तीसाठी २००५ मध्ये ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली.

आज ते सदोष रसायन गेलं, पण नियम राहिला. कपॅसिटरला उष्णता मारते. ढोबळ हिशोब असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. आता पुण्याचा मे महिना आठवा. बंद कपाटात ठेवलेला राउटर, त्याच्या खाली सेट-टॉप बॉक्स, वर आईने घातलेलं क्रोशाचं कव्हर. बिचारा किती जगेल?

अशा थकलेल्या ॲडॉप्टरचा फसवा भाग हा, की तो पूर्ण मरत नाही. काम कमी असेल तेव्हा ठणठणीत. काम वाढलं की व्होल्टेज क्षणभर खाली येतं, आणि तेवढ्यात राउटर रीबूट.

विसराळू डबा

मग राउटरला विचारूया ना काय झालं ते! इथेच खरी अडचण आहे.

ओपन-डब्ल्यूआरटीमध्ये लॉग रॅममध्ये राहतो. फ्लॅश लहान असते आणि सारखं लिहून झिजते, म्हणून हा निर्णय बरोबरच आहे. पण रीबूट झाला की रॅम कोरी. पंचनामा करायला पोलीस यायच्या आत फरशी पुसून टाकल्यासारखं.

त्यात घरच्या बहुतेक राउटरला स्वतःचं घड्याळ चालू ठेवणारी बॅटरी नसते. चालू झाल्यावर तो आधी अंदाजाने एक जुनी तारीख लावतो आणि इंटरनेट मिळाल्यावर ती सुधारतो. त्यामुळे लॉगच्या पहिल्या ओळींवर भलतीच तारीख दिसते. मी पहिले दोन दिवस त्या तारखेवर डोकं फोडून घेतलं.

मग आठवण टिकवायची कशी? तीन गोष्टी.

पहिली, लॉग दुसऱ्या मशीनकडे पाठवा. ओपन-डब्ल्यूआरटीच्या सिस्टीम सेटिंगमध्ये लॉग सर्व्हरचा पत्ता टाकायची जागा आहे. घरात पडलेला जुना लॅपटॉप चालतो. मग राउटर मेला तरी त्याचे शेवटचे शब्द दुसऱ्याकडे असतात.

दुसरी, काही राउटरवर कर्नल कोसळला तर शेवटचा मजकूर रॅमच्या एका राखीव कोपऱ्यात राहतो आणि रीबूटनंतर पीस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये सापडतो. तुमच्या मॉडेलला ही सोय आहे का बघा. असेल तर सॉफ्टवेअरच्या गुन्ह्याचा कबुलीजबाब तिथे मिळतो.

तिसरी युक्ती मला आवडते कारण तिला फक्त फोनमधलं घड्याळ लागतं. राउटर हाताने, कमांड देऊन रीबूट करा आणि परत यायला किती वेळ लागतो ते मोजा. मग आपोआप झालेल्या रीबूटचा वेळ मोजा. ओपन-डब्ल्यूआरटीमध्ये वॉचडॉगला दर ५ सेकंदांनी थोपटलं जातं आणि साधारण ३० सेकंद कुणी थोपटलं नाही तर तो रीसेट करतो. म्हणजे राउटर गोठून वॉचडॉगने उठवला असेल, तर एकूण वेळ अर्ध्या मिनिटाने जास्त भरतो. कर्नल पॅनिक असेल तर फक्त ३ सेकंद जास्त, कारण तेवढं थांबून रीबूट करायचं असं तिथे ठरलेलं आहे. आणि वीज गेली असेल तर काहीच जास्त नाही.

अजून एक शक्यता मेमरीची. जुने ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे राउटर अजून अनेक घरांत आहेत. आजच्या कर्नलला ते पुरत नाहीत, म्हणून १९.०७ या आवृत्तीनंतर ओपन-डब्ल्यूआरटीने त्यांच्यासाठी अधिकृत फर्मवेअर बनवणं थांबवलं. अशा डब्यावर जाहिराती अडवणारं पॅकेज, व्हीपीएन असं सगळं चढवलंत तर रॅम संपणार आणि तो पडणार. तिथे निदानाची गरज नाही, निवृत्तीची आहे.

परत शनिवार सकाळ

तर आमच्या घरी. मी काय केलं? सगळ्यात आधी जे करू नये ते केलं. एकाच संध्याकाळी फर्मवेअर अपडेट, वायफायचं चॅनेल बदल, दोन पॅकेज काढ, केबल बदल. चार गोष्टी एकदम. त्या आठवड्यात एकदाच रीबूट झाला आणि मी विजयी मुद्रेने फिरलो. पुढच्या शनिवारी परत तीन वेळा.

मग शहाण्यासारखं बसलो. लॉग जुन्या लॅपटॉपवर पाठवला. शेवटची ओळ बघितली तर साधी, कुणीतरी वायफायला जोडलं गेल्याची. त्यानंतर शांतता. पीस्टोअर आमच्या मॉडेलला होतं, पण रिकामं. वेळ मोजला. हाताने रीबूट आणि आपोआप रीबूट, दोन्हीचा वेळ जवळजवळ सारखा. म्हणजे गोठला नव्हता, कर्नलही कोसळला नव्हता. वीज.

पण ॲडॉप्टर तर मी तपासला होता! राउटरमधून काढून मल्टिमीटर लावला होता, १२.२ व्होल्ट. एकदम खणखणीत. म्हणून मी त्याला पहिल्याच दिवशी निर्दोष सोडलं होतं. चूक हीच. रिकाम्या हाताने उभ्या माणसाला बघून त्याला पोतं उचलता येईल का ते कसं कळणार?

तेव्हा आई म्हणाली, “अरे, मी पहिल्या आठवड्यापासून सांगतेय. क्लास रेकॉर्डिंगला लावला की जातं.”

आणि ती खरंच सांगत होती. मी म्हणायचो, “आई, त्याचा संबंध नाही, ते रँडम आहे.” पाथफाइंडरवाल्यांनी चाचणीत दिसलेला रीबूट सोडून दिला त्याची गोष्ट मी मित्रांना रंगवून सांगतो, आणि घरातल्या एकमेव साक्षीदाराचं मी ऐकलं नव्हतं.

संबंध होता. जी मुलं गैरहजर असतात त्यांच्यासाठी आई क्लास रेकॉर्ड करते, आणि ते रेकॉर्डिंग राउटरला जोडलेल्या हार्ड डिस्कवर जातं. ती सोय मीच करून दिली होती. व्हिडिओ कॉल चालू, वायफाय पूर्ण जोरात, आणि त्याच वेळी डिस्क फिरायला लागते.

मी राउटर उलटा केला. खाली लिहिलेलं, १२ व्होल्ट, २ अँपिअर. मग प्लगमधला ॲडॉप्टर काढून वाचला. १२ व्होल्ट, १ अँपिअर.

मागच्या वर्षी फायबर आलं तेव्हा भिंतीवर नवीन छोटा बॉक्स बसला. शेल्फ आवरताना दोन्ही ॲडॉप्टर मी काढले आणि परत लावले. दोन्ही काळे, दोन्ही १२ व्होल्ट, पिन सारखी. अदलाबदल झाली. फायबरचा बॉक्स २ अँपिअरवर मजेत, आणि राउटर वर्षभर निम्म्या क्षमतेच्या ॲडॉप्टरवर धापा टाकत. तो हिवाळ्यात, पावसाळ्यात तग धरून राहिला. मे महिन्याच्या उकाड्यात थकलेला ॲडॉप्टर डिस्कचा भार पेलेना.

म्हणजे ओपन-डब्ल्यूआरटी निर्दोष. आरोपी मीच, पण आरोप चुकीचा होता.

राउटरला त्याचा स्वतःचा ॲडॉप्टर परत लावला. तपकीर गल्लीत जाऊन फायबरच्या बॉक्ससाठी नवीन आणला, कारण जुना वापरण्याच्या लायकीचा राहिला नव्हता. दुकानदाराने जुना हातात घेऊन विचारलं, “यावर काय चालवत होता?” मी विषय बदलला. आता दोन्ही ॲडॉप्टरवर पांढऱ्या चिकटपट्टीवर नावं लिहिली आहेत, आईच्या अक्षरात.

बाबांना मी उत्साहाने सांगितलं की बघा, सॉफ्टवेअरचा दोष नव्हता. ते म्हणाले, “म्हणजे तुझाच होता ना?” यावर उत्तर नाही.

पण एक उत्तर मी तुम्हाला देऊ शकतो. कंपनीचं बंद फर्मवेअर असतं तर अदलाबदल तशीच झाली असती, रीबूटही तसेच झाले असते. फक्त लॉग बाहेर पाठवता आला नसता, पीस्टोअर बघता आलं नसतं, आणि मी “राउटर खराब झाला” म्हणून चांगला राउटर कचऱ्यात टाकून नवीन आणला असता. उघडा डबा कमी वेळा पडतो असं नाही. पडला तर का पडला हे विचारता येतं, एवढाच फरक. तेवढ्यासाठी वीस वर्षांपूर्वी कुणी मेलिंग लिस्टवर भांडलं, कुणी कोर्टात गेलं.

आईने पुढच्या टर्मला होकार कळवलाय. गेल्या शनिवारी तासभर क्लास झाला, रेकॉर्डिंगसकट, आणि त्या सहा वर्षांच्या मुलाने पहिल्यांदा ‘बाळ’ बरोबर म्हटलं.

तर मंडळी, हा भाग संपला की उठा आणि राउटर उलटा करून त्याच्या खालचे आकडे वाचा. मग ॲडॉप्टरवरचे वाचा. व्होल्ट अगदी तेच हवेत, अँपिअर तितकेच किंवा जास्त. जुळले नाहीत तर आम्हाला कळवा, मला जरा बरं वाटेल.

आणि घरातलं कुणी “अमुक केलं की जातं” असं म्हणत असेल, तर आधी ते वहीत लिहा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा. काळजी घ्या!